भाऊजींचे सात

आमच्या भाऊजींनी उभ्या आयुष्यात एकदाही कबड्डी खेळली नाही, आणि तरीही गोंदिया जिल्ह्यात हा खेळ पुरता कळलेला माणूस एकच आहे, तो म्हणजे भाऊजी, हे मी कुठल्याही मैदानाच्या मध्यरेषेवर उभा राहून सांगायला तयार आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार सौंदडचे. वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले, आता घरच्या शेताच्या चार बांध्यांत धान लावतात आणि उरलेला वेळ कबड्डीला देतात. खरं म्हणजे कबड्डीतून उरलेला वेळ धानाला देतात, असं ताईचं म्हणणं आहे. उंच, किडकिडीत बांधा, अर्धे मिटलेले डोळे आणि गळ्यात बारा महिने मफलर. वैशाखात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असतानाही तो मफलर गळ्यात असतो, कारण भाऊजींना लहानपणापासून दमा आहे. ज्या खेळाचा सगळा जीव एका श्वासात, त्या खेळावर ज्याचा श्वास पुरत नाही अशा माणसाचा जीव जडला. शाळेत असताना त्यांनी एकदा चढाईला जाऊन पाहिलं होतं म्हणे. मध्यरेषेपर्यंत पोचायच्या आधीच ते खाली बसले आणि गुरुजींनी त्यांना उचलून झाडाखाली नेऊन ठेवलं. त्या झाडाखालून त्यांना जे मैदान दिसलं, ते ते अजून पाहताहेत.

मी एकदा विचारलं होतं, "भाऊजी, दमा आहे तर मग विजेच्या खांबावर कसे चढायचे तुम्ही?"

ते म्हणाले, "खांबावर काही नाही होत जी, मास्तर. तिथं वर गेल्यावर कोणी पाय धराले नाही येत."

मी गोंदियाला शाळेत मराठी शिकवतो, म्हणून मी त्यांचा 'मास्तर'. भाऊजी नोकरीत असताना ज्या गावात सामने असतील त्या गावच्या डी.पी.खाली सकाळपासून शिडी लावून बसलेले असत. सामने दिवसाउजेडीच व्हायचे, पण भोंगा बंद पडला तर समालोचन थांबेल, आणि समालोचन थांबलं तर पलीकडच्या शेतात धान कापणाऱ्या बायांना गुण कसे कळणार, ही त्यांची काळजी. सामना पाहण्याची त्यांची रीतही न्यारी होती. सगळं मैदान चढाई करणाऱ्याकडे बघत असताना भाऊजी खाली मान घालून बचाव करणाऱ्यांच्या पायांकडे बघत. "तोंड खोटं बोलते, पाय नाही बोलत," असं ते म्हणत, आणि पकड व्हायच्या क्षणभर आधी हलकेच "गेला" असं पुटपुटत. त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसाला ते भविष्य सांगतात की शाप देतात ते कळत नसे.

पाहिलेला सामना ते कधी विसरले नाहीत. मात्र इतर सगळं त्यांना सामन्यांवरूनच आठवत असे. माझ्या भाचीचा वाढदिवस विचारला तर ते म्हणणार, "सौंदडनं देवरीवर दोन लोण चढवले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी." ताईला या गोष्टीचा पहिल्यांदा राग येई, मग हसू यायला लागलं आणि आता तीच शेजारणीला सांगते, "त्या बोरकन्ह्याच्या सामन्याच्या साली आमी विहीर खोदली." माणूस समोर आला की भाऊजी आधी त्याला मैदानावर उभा करून बघत. माझं लग्न ठरवायला आम्ही माझ्या सासऱ्यांकडे गेलो होतो. सगळी मंडळी मुलीचं शिक्षण, घरची शेती असलं काही विचारत होती. भाऊजी दोन तास मफलरमध्ये हनुवटी खुपसून गप्प बसले आणि बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "सासरा डावा कोपरा होय. शांत राहते, पण घोटा धरला तं सोडणार नाही. जपून राहजा." पंचवीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो, इतकं अचूक वर्णन माझ्या बायकोलाही आपल्या वडिलांचं करता आलेलं नाही. मी मैदानावर कुठे उभा राहीन हेही मी त्यांना हौसेनं विचारलं होतं. "तुमी? तुमी राखीव," ते म्हणाले, आणि माझा चेहरा पाहून मायेनं पुढे जोडलं, "राखीवबी लागतेच ना जी."

दुपारच्या जेवणानंतर भाऊजी तलावाच्या पाळीवर, मोहाच्या सावलीत बाज टाकून पडत. आमच्याकडचे हे तलाव फार जुने. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की तलावाच्या पोटातली माती सपाट, भेगाळलेली, एखाद्या मोठ्या मैदानासारखी उघडी पडते. भाऊजी त्या मैदानाकडे बघत बघत झोपेत शिरत आणि तिथं त्यांचे सामने सुरू होत. वेगवेगळ्या काळातले, एकमेकांना कधी न भेटलेले खेळाडू तिथं समोरासमोर येत. एक जण साठ वर्षांपूर्वी साप चावून गेलेला, दुसरा सध्या कोहमाऱ्याला ट्रकचे पाटे बसवणारा. ताई जेवणाची ताटली घासून, भांडी आवरून, चहा टाकून हाका मारायला येई तेव्हा भाऊजी डोळे न उघडता हात वर करत, "थांब. दोन मिनटं राहिली." ताई सांगते की कधी कधी ते झोपेतून खरोखरच दुःखी होऊन उठत आणि दिवसभर बोलत नसत, कारण त्यांचा आवडता संघ एका गुणानं हरलेला असे.

या झोपेतूनच भाऊजींचे 'सर्वकाळचे सात' जन्माला आले. दरवर्षी दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. सौंदडची मंडई झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी कोहमाऱ्याच्या नाक्यावर, ट्रक थांबतात तिथल्या चहाच्या हॉटेलात येत आणि जिल्ह्याच्या आजवरच्या सगळ्या खेळाडूंमधून निवडलेली सात नावं वाचून दाखवत. हा संघ कधीच कुठे खेळणार नव्हता. त्याला बनियन नव्हतं, ढाल नव्हती, काही नव्हतं. तरी त्या सात नावांवरून हॉटेलात जे रान पेटायचं ते आमदारकीच्या निकालालाही पेटत नाही. आलुबोंडे गार व्हायचे, ट्रकवाले निघायचे थांबायचे. सगळ्यांत मोठा आवाज नाक्यावरच्या टायरवाल्याचा. तो मूळचा छत्तीसगडचा, आणि इथंच येऊन खेळलेला त्याचा एक काका एकेकाळी म्हणे फार मोठा पकडवाला होता. "मेरे काका को काहे नहीं लेते, भैया? हर साल वही मरे हुए लोग!" असं तो दरवर्षी ओरडायचा.

"मेला म्हणून काय झालं?" भाऊजी शांतपणे म्हणायचे. "त्याचा खेळ मेला काय?"

त्या सातांत सहा नावं पुढेमागे होत, पण कप्तान कधी बदलला नाही. कप्तान म्हणजे 'सर'. सर आणि भाऊजी एका वयाचे, एका शाळेचे. तरुणपणी सर चढाईला निघाले की समोरच्या संघाचे सातही जण आपोआप एक पाऊल मागे सरकत, असं भाऊजी सांगतात. पुढे ते तालुक्याच्या कॉलेजात क्रीडा शिक्षक झाले, आणि निवृत्तीनंतरही कॉलेजनं त्यांना सोडलं नाही. मुलामुलींचे संघ तेच घडवत. तरुणपणी सर गावोगाव खेळायला जात तेव्हा भाऊजी सायकलवर त्यांच्या मागे बसून जात, त्यांचा सदरा धरून रेषेबाहेर उभे राहत. "तो तिकडं दम धरे, आन मी इकडं," भाऊजी मला एकदा म्हणाले. "तो परत आला का मग मी सोडो." दम्याच्या माणसानं हे कसं केलं असेल ते मी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मंडईनंतर भाऊजींनी जी सात नावं वाचली त्यात पहिल्यांदाच एका मुलीचं नाव आलं. रोशनी. देवरीकडच्या जंगलातल्या एका गावची, सरांच्याच कॉलेजात शिकणारी, डावखुरी चढाईपटू. हॉटेलात छप्पर उडेल असा गलका झाला. "पोट्टी घेतली काय? सर्वकाळच्या सातांत पोट्टी?" टायरवाल्यानं तर काकाचा अपमान झाला म्हणून चहा अर्धा टाकला. भाऊजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "विद्यापीठाच्या फायनलले मी होतो. तुमी होते काय?" कोणीच नव्हतं. त्या वर्षी सरांच्या संघातल्या मुली विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या, आणि तो सामना पाहायला भाऊजी तीन बस बदलून एकटे गेले होते.

पुढच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी उरकल्यावर, ती रोशनी एका सकाळी आईला घेऊन भाऊजींच्या दारात उभी राहिली. मी सुटीचा तिथेच होतो. मुलगी जेमतेम वीसएक वर्षांची, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. डाव्या भुवईवर टाक्यांचा पांढरा व्रण. आईला मराठी फार येत नव्हतं. ती घरात गोंडी बोलणारी, दारातच पायरीवर बसून राहिली. ताईनं तिला हात धरून आत घेतलं.

"मामाजी," रोशनी भाऊजींना म्हणाली, "तुमी फायनलले होते ना? सगळे सांगतात तुमाले सामना पाठ राहते."

"होतो ना. काऊन?"

तिनं पिशवीतून एक कागद काढून पुढे केला. पोलीस भरतीत खेळाडूंसाठी काही जागा असतात. त्यासाठी तिनं कॉलेजकडे विजेत्या संघाचं प्रमाणपत्र मागितलं होतं. कॉलेजनं लिहून दिलं होतं की विजेत्या संघाच्या बारा जणींत या नावाची खेळाडू नव्हती. ती फक्त सराव शिबिराला हजर होती. यादीत सात नंबरच्या, म्हणजे रोशनीच्या बनियनसमोर दुसऱ्याच एका मुलीचं नाव होतं. खाली सरांची सही होती.

भाऊजींनी कागद दोनदा वाचला, मग चष्मा काढून मफलरच्या टोकानं पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"मी खेळली ना, मामाजी?" रोशनीनं विचारलं. "सगळे जण नाही म्हणून राहिले, तं मलेच आता असं वाटून राहिलं का मी सपनात खेळली."

भाऊजींनी कागदाची नीट घडी घालून तो तिच्या हातात परत दिला. ताईनं दोघींना जेवू घातलं, आणि बसपर्यंत पोचवायला मी गेलो. परत आलो तर भाऊजी पाळीवर बाजेवर बसलेले. आडवे झाले नव्हते. तलाव काठोकाठ भरला होता, आणि त्यांचं मैदान खाली कुठेतरी पाण्यात होतं.

रोशनीनं विद्यापीठाकडे तक्रार केली आणि चौकशी बसणार, ही बातमी नाक्यावर पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. हॉटेलात दोन तट पडले. एक तट म्हणे, सरांनी आयुष्य घातलं कॉलेजसाठी, त्यांच्यावर शिंतोडे नको. पोरींच्या खेळात काय, आज ही, उद्या ती. दुसरा तट म्हणे, सात नंबरवर ज्या मुलीचं नाव आहे ती कॉलेजच्या संचालकांपैकी एकाची भाची आहे, एवढं कळलं की बाकी विचारायला नको. टायरवाला आश्चर्य म्हणजे रोशनीच्या बाजूनं होता. "लड़की खेली है तो खेली है. नाम काहे बदलते हो?" भाऊजी काय म्हणतात याची सगळे वाट बघत होते. भाऊजी आठ दिवस हॉटेलात गेलेच नाहीत. नवव्या दिवशी मी पुन्हा सौंदडला गेलो, तेव्हा ते म्हणाले, "चला जी मास्तर, सराकडं जाऊन येऊ. मले एकट्याले तिथं दम लागल."

सर अंगणात तुळशीजवळ खुर्ची टाकून बसले होते. साठी उलटली तरी खांदे अजून रुंद. भाऊजींना पाहताच ते उठले, मग त्यांचा चेहरा पाहून पुन्हा बसले. चहा आला. पावसाचं, धानाचं बोलणं झालं.

"तुले ती पोट्टी भेटली म्हणते," सर म्हणाले.

"भेटली."

"बारा नावं जातात रे. वरून सांगितलं का हे नाव पायजे. मी तेरावं कुठं घालू? तू सांग."

"पन तेरावं तं तेच होतं ना," भाऊजी म्हणाले. "न खेळलेलं."

सरांनी कप खाली ठेवला. "ती तरणी आहे. अजून चार स्पर्धा खेळल, अजून प्रमाणपत्रं भेटतील तिले. माह्या हातात काय होतं? नाही म्हटलं असतं तं दुसऱ्या दिवशी मैदानावर दुसरा सर दिसला असता. या वयात मी मैदानाशिवाय काय करू?" आणि मग हळू आवाजात, "तू येशील काय तिथं माह्या इरोधात?"

भाऊजींचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता. त्यांनी मफलर सैल केला. "तुह्या इरोधात नाही येत मी," ते म्हणाले. "मी सामना सांगाले येतो."

चौकशी समिती कॉलेजातच बसली. प्राचार्य, विद्यापीठाकडून आलेल्या एक बाई आणि एक वयस्कर वकील. रोशनी एका बाजूला, सर दुसऱ्या बाजूला. भाऊजींनी पांढरा कडक सदरा घातला होता आणि त्यावर तोच मफलर. त्यांना आत बोलावलं तेव्हा मी त्यांच्या मागे उभा राहिलो. मला कोणी हटकलं नाही.

"आपण कोण?" वकिलांनी विचारलं.

"पाहणारा."

"म्हणजे पंच होतात? की कॉलेजचे कोणी?"

"नाही जी. नुसता पाहणारा."

प्राचार्य हसू दाबत म्हणाले, "बरं. काय पाहिलंत ते सांगा."

भाऊजींनी डोळे मिटले आणि सामना सांगायला सुरुवात केली. पहिली चढाई कोणाची, कोणत्या बाजूनं, तिनं बोनस घेतला की नाही, कोणाचा हात कुठे लागला. बाईंनी सुरुवातीला घड्याळ पाहिलं. मग त्यांनी पेन उचललं. मग पेन खाली ठेवलं आणि नुसत्या ऐकत राहिल्या. भाऊजी हळू, संथ, एका लयीत बोलत होते; मधे श्वास घ्यायला थांबत आणि नेमकं तिथूनच पुढे सुरू करत. बाहेर पावसाची रिपरिप होती, पंखा कुरकुरत होता, आणि मी शपथेवर सांगतो, त्या खोलीतल्या टेबलखुर्च्या बाजूला सरकून तिथं माती दिसायला लागली होती. सात नंबरनं दोघींच्या मधून अंग चोरून काढलं तेव्हा शिपाईसुद्धा दारात येऊन थांबला. मी सरांकडे पाहिलं. सर खाली मान घालून बसले होते, पण त्यांचा उजवा पाय फरशीवर प्रत्येक चढाईबरोबर पुढे सरकत होता, मागे येत होता.

"दुसऱ्या डावात अकरा मिनटं राहिली तवा," भाऊजी म्हणाले, "सात नंबर पकडीत पडली. समोरच्या पोरीचं ढोपर लागलं. डावी भुवई फुटली. रक्त आलं. पंचानं खेळ थांबवला. पोट्टीनं डोक्याले फडकं बांधलं आन परत आली. दुसऱ्याच चढाईत तीन जणी मारल्या. टाके सामन्यानंतर पडले, दवाखान्यात. तीन."

खोलीतले सगळे रोशनीकडे बघायला लागले. तिनं कपाळावरचे केस मागे घेतले.

बाईंनी मूळ गुणपत्रक कुठे असेल ते विचारलं. कॉलेजकडच्या प्रतीवर नावं बदललेली होती, पण स्पर्धेचे गुणलेखक, दुसऱ्या जिल्ह्यातले एक निवृत्त व्यायामशिक्षक, त्यांच्याकडे मूळ प्रत होती. चार दिवसांनी ती आली. तिच्यावर सात नंबरसमोर रोशनीचं नाव होतं, आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: 'खेळ थांबवला. क्र. ७, डाव्या भुवईस दुखापत.' सगळे गुण भाऊजींनी सांगितल्याप्रमाणेच होते. फक्त एका गुणाचा फरक होता. भाऊजींच्या मते समोरच्या संघाचे अठ्ठावीस, कागदावर सत्तावीस. समितीनं तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं मानलं नाही. भाऊजींनीही समितीचं मानलं नाही. "लिहिणाऱ्यानं तवा मान खाली घातली होती," असं ते आजही सांगतात.

रोशनीला तिच्या नावाचं प्रमाणपत्र मिळालं. पुढच्या भरतीत तिची निवड झाली आणि ती प्रशिक्षणाला गेली. जाताना तिची आई मोहाच्या फुलांचे लाडू घेऊन आली होती. भाऊजींसमोर डबा ठेवून ती गोंडीत बराच वेळ काहीतरी बोलली. भाऊजींना त्यातला एक शब्द कळला नाही, पण ते प्रत्येक वाक्याला "हो जी, हो जी" म्हणत राहिले. आणि सरांना कॉलेजनं कमी केलं. ज्या संचालकानं नाव पाठवलं होतं तो संचालक अजून आहे, हे सांगायला मला आवडत नाही, पण तसं आहे.

त्या वर्षी मंडईच्या दुसऱ्या दिवशी कोहमाऱ्याच्या हॉटेलात बसायला जागा नव्हती. भाऊजींनी सरांना काढलं असेल की नाही यावर आदल्या आठवड्यापासून वाद चालू होते. कोणी म्हणे काढलंच पाहिजे, ज्यानं पोरीचं नाव खाल्लं त्याचं नाव कशाला? कोणी म्हणे त्याच्याशिवाय सात होतच नाहीत. भाऊजी आले, बसले, चष्मा लावला. एक एक नाव वाचलं. रोशनीचं नाव आलं तेव्हा कोणी कुरकुर केली नाही. टायरवाल्याच्या काकाचंही आलं, आणि तो बिचारा इतका गांगरला की ओरडायचंच विसरला. सहा नावं झाली. भाऊजींनी कागदाकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली, चहा न पिताच उठले आणि सौंदडच्या गाडीत बसले. मागे हॉटेलात जो गोंधळ उडाला तो मी ऐकायला थांबलो नाही.

सर त्याच दुपारच्या गाडीनं मुलाकडे रायपूरला राहायला जाणार असल्याचं त्यानंतर महिन्याभरानं, मी सौंदडला गेलो होतो त्या रविवारी, कळलं. ताईनं भाऊजींना सांगितलं, भाऊजी ऐकल्यासारखे दिसले नाहीत. पण त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर ते बाजेकडे गेलेच नाहीत. चपला घालून स्टेशनकडे निघाले, म्हणून मीही निघालो.

सौंदडचं स्टेशन दुपारी पेंगत असतं. थंडीचं कोवळं ऊन फलाटावर पसरलेलं, पलीकडे कापलेल्या धानाच्या बांध्या पिवळ्या, मोकळ्या. सर एकटेच बाकावर बसले होते. शेजारी दोन पिशव्या आणि एक गादीची वळकटी. भाऊजी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. मी जरा लांब नळाजवळ उभा होतो, पण शांतता इतकी होती की सगळं ऐकू येत होतं.

"सहाच वाचले म्हणते औंदा," सर रुळांकडे बघत म्हणाले.

"हो."

"काढलं काय मले?"

भाऊजींनी खिशातून तो घडी घातलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला. सरांनी तो उघडला, आणि वाचायला जितका वेळ लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ ते त्याकडे बघत राहिले.

"वाचाची हिंमत नाही झाली," भाऊजी म्हणाले. "लय राग होता. अजून आहे. पन जो खेळला त्याचं नाव काढता नाही येत रे. त्याच्यासाठीच तं गेलो होतो मी तिथं."

सरांनी मान हलवली. मग कागद परत द्यायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेऊन विचारलं, "मी ठेवू?"

"ठेव. मले पाठ आहे."

गोंदियाकडची गाडी आली. दोघांनी मिळून सामान चढवलं. सर दारात उभे राहिले आणि गाडी सुटली. भाऊजी फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले. गाडी वळणाआड गेली, रुळांचा आवाज थांबला, आणि पलीकडच्या बांध्यांतून बगळे उडून पुन्हा तिथंच बसले. मी त्यांच्याजवळ गेलो. त्यांचा श्वास जोरात चालला होता, म्हणून मी नुसता शेजारी उभा राहिलो.

श्वास जरा बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "मास्तर, रायपुराकडं कबड्डी खेळतात काय जी?"

"खेळतात ना, भाऊजी. खूप खेळतात."

"मंग बरं," ते म्हणाले.